रसायनशास्त्र ज्यांचा विषय नाही, त्यांना मोल शिकवायलाच हवा

कला, वाणिज्य, विधी, संगीत अशा शाखांमध्ये पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयात रसायनशास्त्राचा एका सत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. मी तो शिकवते. त्याच्या आखणीची चर्चा निघाली की एक सूचना हमखास पुढे येते: हे विद्यार्थी पुढे रसायनशास्त्र शिकणार नाहीत, तेव्हा त्यांच्या अभ्यासक्रमातून गणिते गाळावीत, अणू-रेणू मोजण्याचे एकक असलेल्या मोलची संकल्पना वगळावी आणि साबण, प्लास्टिक, औषधे, रंग यांविषयी रंजक माहिती द्यावी. सूचनेमागचा हेतू चांगला असतो, कारण शाळेत रसायनशास्त्राचा धसका घेतलेली मुले या वर्गात मोठ्या संख्येने असतात आणि त्यांना पुन्हा त्याच भीतीत लोटावे असे कुणालाच वाटत नाही. तरीही ही सूचना मला मान्य नाही. जो विद्यार्थी पुढे रसायनशास्त्रज्ञ होणार आहे, त्याला मोल पुढच्या प्रत्येक वर्षी भेटणार आहे. पहिल्या वर्षी नीट समजला नाही तर दुसऱ्या वर्षी समजेल. या वर्गातल्या विद्यार्थ्याची मात्र ही शेवटची संधी आहे. रुग्ण म्हणून, ग्राहक म्हणून, मतदार म्हणून किंवा उद्या वकील अथवा पत्रकार म्हणून रसायनशास्त्राचे जे प्रश्न त्याच्यासमोर येतील, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी "किती?" हाच प्रश्न असेल, आणि त्याचे उत्तर मोलशिवाय देता येत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच जुनी आहे. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक घ्यायचे, त्यातील प्रत्येक प्रकरणाची पहिली काही पाने ठेवायची आणि उरलेली गाळायची, अशा रीतीने तयार झालेला अभ्यासक्रम कोणत्याच गोष्टीच्या तळाशी जात नाही. चार पुंज अंकांची नावे, संक्रमण मूलद्रव्यांचे इलेक्ट्रॉन संरूपण, अभिक्रियेच्या वेगाची सूत्रे, सेंद्रिय संयुगांच्या नामकरणाचे नियम हे सगळे त्यात पाठांतरापुरते येते आणि परीक्षेबरोबर निघून जाते. यांतले काहीही बिनमहत्त्वाचे नाही. पण ज्या इमारतीचे पुढचे मजले बांधलेच जाणार नाहीत, तिच्या पायात इतके लोखंड घालण्याचे कारण नाही. मी या गोष्टी गाळल्या आहेत आणि त्यातून मिळालेले सगळे तास वस्तुमानाच्या अक्षय्यतेला, मोलला आणि संहतीला, म्हणजे द्रावणात एखादे द्रव्य किती दाट आहे या मोजमापाला, दिले आहेत.

सुरुवात मी पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकपासून करते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सुचवलेली मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम एवढी आहे. एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम, म्हणजे एक अब्ज मायक्रोग्रॅम असते, त्यामुळे ही मर्यादा अब्ज भागांत दहा भाग अशी होते. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना वाटते की विष ते विष, पाण्यात आर्सेनिकचा एकही अणू असता कामा नये. काहींना वाटते की अब्जात दहा म्हणजे नसल्यातच जमा, मग एवढी चिंता कशाला? दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत आणि दोन्हींना उत्तर देण्यासाठी आधी अणू मोजता आले पाहिजेत.

त्यानंतर लगेच मी फ्लोराइड घेते, कारण तिथे "चांगले" आणि "वाईट" अशी वाटणीच करता येत नाही. लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दात किडण्यापासून संरक्षण देते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक फ्लोराइड लहानपणापासून पोटात जात राहिले तर दातांवर डाग पडू लागतात, आणि प्रमाण फारच वाढले तर वर्षानुवर्षांच्या सेवनाने हाडे व सांधे ताठरतात. आयन तोच, पाणी तेच. बदलतो तो आकडा. "रसायनमुक्त" अशी जाहिरात करणाऱ्या वेष्टनावर किंवा "नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक" या समजुतीवर मला वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. क जीवनसत्त्वाचा रेणू फळातून आलेला असो वा कारखान्यातून, त्यातील अणू आणि त्यांची रचना एकच असते, आणि मानवाला ज्ञात असलेल्या अतितीव्र विषांपैकी एक असलेले बोट्युलिनम हे एका जिवाणूने तयार केलेले पूर्णपणे नैसर्गिक द्रव्य आहे, एवढे सांगितले की पुरते.

मग येतो मोल. शाळेत तो एक भयंकर मोठी संख्या म्हणून भेटतो आणि तेवढाच लक्षात राहतो. संख्या मोठी आहे हे खरे: २० मे २०१९ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. पण या संख्येच्या मोठेपणापेक्षा तिचे काम समजणे अधिक महत्त्वाचे आहे. बँकेत नाण्यांच्या थैल्या एकेक नाणे न मोजता वजन करून मोजता येतात, कारण एका नाण्याचे वजन ठाऊक असते. मोल हीच सोय अणूंसाठी करून देतो. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे बारापट जड असेल, तर १२ ग्रॅम कार्बनमध्ये आणि १ ग्रॅम हायड्रोजनमध्ये अणूंची संख्या सारखीच असणार, हे एकदा मनात ठसले की तराजू हे मोजणीचे यंत्र होते. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या सुमारे सोळापट जड; पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, म्हणून त्याचे रेणुवस्तुमान १८. तेव्हा १८ ग्रॅम पाणी, म्हणजे मोठ्या चमच्यात मावते त्याहून किंचित अधिक पाणी, हे एक मोल पाणी.

आता आर्सेनिककडे परत जाता येते. आर्सेनिकचे अणुवस्तुमान सुमारे ७५ आहे. १० मायक्रोग्रॅमला ७५ ने भागून मिळणारे मोल आणि त्यांना एका मोलमधील कणसंख्येने गुणून येणारा आकडा, हे गणित दोन ओळींचे आहे. उत्तर येते लिटरमागे आठावर सोळा शून्ये इतके अणू. मर्यादेच्या आत असलेल्या, पिण्यायोग्य ठरवलेल्या पाण्यात इतके अणू असू शकतात! "एकही अणू नको" ही मागणी मोजमापाच्या जगात टिकत नाही, कारण इतक्या अफाट संख्येतून शेवटचा अणू काढल्याची खात्री करून देणारी कोणतीही पद्धत नाही. आणि "नसल्यातच जमा" हेही टिकत नाही, कारण इतके अणू रोज शरीरात जात असतील तर ते कोणत्या प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि वर्षानुवर्षांनी त्याचा काय परिणाम होतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न ठरतो. दहा हा आकडा कुठून आला, याची चर्चा तिथून सुरू होते: जोखीम, मापनाची क्षमता आणि पाणी शुद्ध करण्याची व्यवहार्यता या तिन्हींचा त्यात वाटा आहे. विधी शाखेचे विद्यार्थी या ठिकाणी सर्वांत अधिक बोलतात, हे मी आवर्जून नोंदवते.

विरलनाचे गणितही याच तासाला होते. एक मोल द्रव्य असलेले द्रावण शंभरपट विरल करायचे, त्यातील शंभरावा भाग घेऊन पुन्हा शंभरपट विरल करायचे, असे बारा वेळा केले की मूळ द्रव्याची संख्या १० च्या २४ व्या घाताने भागली जाते आणि शेवटच्या भागात मूळ द्रव्याचा सरासरी एक रेणूसुद्धा उरत नाही. होमिओपॅथीत "३० सी" असे लिहिलेल्या औषधासाठी ही क्रिया तीस वेळा केलेली असते, म्हणजे भागाकार १० च्या ६० व्या घाताने होतो. यावर वर्गात वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. मी एवढाच आग्रह धरते की वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी आधी हे गणित स्वतःच्या हाताने करावे.

या अभ्यासक्रमातले मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण पेट्रोलचे आहे. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळाले तर किती कार्बन डायऑक्साइड तयार होईल, असे विचारले की बहुतेक जण काही ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंतचे अंदाज सांगतात. कारण उघड आहे: एक लिटर पेट्रोलचेच वस्तुमान पाऊण किलोच्या आसपास असते, आणि जळून गेलेल्या वस्तूपासून तिच्याहून जड काही निर्माण होईल ही कल्पना मनाला पटत नाही. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. त्यांचा प्रतिनिधी म्हणून आपण आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन असलेले ऑक्टेन घेऊ. त्याचे रेणुवस्तुमान ११४. प्रत्येक रेणूतले आठही कार्बन आठ कार्बन डायऑक्साइड रेणूंमध्ये जातात आणि त्यांचे एकत्रित वस्तुमान आठ गुणिले ४४, म्हणजे ३५२ होते. याचा अर्थ १ ग्रॅम ऑक्टेनपासून ३ ग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड. लिटरभर पेट्रोलचे वस्तुमान ७४० ग्रॅम धरले तर उत्तर येते सुमारे २.३ किलोग्रॅम.

हे उत्तर विद्यार्थी पुन्हा पुन्हा तपासतात. कुठेतरी शून्य चुकले असावे असे त्यांना वाटते. मग मी त्यांना जमाखर्च मांडायला सांगते आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी तो इतरांपेक्षा लवकर मांडतात. एका बाजूला ७४० ग्रॅम पेट्रोल आणि ते जाळण्यासाठी हवेतून घेतलेला सुमारे २.६ किलोग्रॅम ऑक्सिजन. दुसऱ्या बाजूला सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे एक किलोग्रॅम पाण्याची वाफ. दोन्ही बाजू जुळतात. संतुलित समीकरण म्हणजे अंकांचे कोडे, अशी जी समजूत शाळेपासून मनात घर करून असते, ती या एका ताळेबंदाने बरीचशी निघून जाते, कारण समीकरणाच्या डाव्या बाजूचा ऑक्सिजन हा कागदावरचा हिशेब जुळवण्यासाठी घातलेला नसून खरोखर हवेतून आलेला असतो.

तिथून वातावरणाकडे जाणे सोपे होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दशलक्ष रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते; आता ही संख्या ४२० च्या पुढे गेली आहे. इथे एखादा चांगला विद्यार्थी हटकून शंका काढतो की आर्सेनिकच्या वेळी आपण म्हणालो ते लक्षात घेतले, तरी हवेचा ०.०४ टक्के भाग संपूर्ण पृथ्वीचे तापमान कसे बदलेल? शंका रास्त आहे, आणि तिच्यामुळे "किती?" या प्रश्नाला "कशाच्या तुलनेत?" ही जोड मिळते. कोरड्या हवेचा जवळजवळ ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा आहे, पण या दोन्ही रेणूंमध्ये एकाच मूलद्रव्याचे दोन अणू असतात आणि त्यांच्या कंपनाने विद्युतभाराची वाटणी बदलत नाही, त्यामुळे पृथ्वीवरून बाहेर जाणारे अवरक्त प्रारण, म्हणजे उष्णता नेणारे अदृश्य किरण, ते जवळजवळ शोषतच नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकतो तेव्हा ती वाटणी बदलते आणि तो हे प्रारण शोषतो. म्हणून तुलना सगळ्या हवेशी करून चालत नाही. उष्णता अडवू शकणाऱ्या वायूंच्या छोट्या गटात त्याचा वाटा किती, हे पाहावे लागते. रेणूच्या आकाराविषयी आणि बंधांविषयी मी जे थोडे शिकवते, ते या शंकेचे उत्तर देण्यासाठी शिकवते. उत्तर हवे असलेल्या विद्यार्थ्याला बंधांचा धडा कोरडा वाटत नाही.

अणू कुणीही डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्या काळात ते किती आहेत हे कसे कळले? इतिहास आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा हा प्रश्न असतो. त्याला मी पूर्ण आठवडा देते आणि तो मला कमीच वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डाल्टन यांनी अणुवस्तुमानांची कल्पना मांडली, पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असे त्यांनी गृहीत धरले, कारण त्याहून साधी रचना संभवत नव्हती. गे-ल्युसाक यांनी मोजून दाखवले की दोन घनफळे हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन यांच्यापासून दोन घनफळे वाफ तयार होते. हे डाल्टन यांच्या चित्रात बसेना: एका घनफळ ऑक्सिजनपासून दोन घनफळे वाफ व्हायची, तर ऑक्सिजनचा प्रत्येक अणू दुभंगायला हवा. अमेडिओ अव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये यावर तोडगा सुचवला: समान तापमानाला व दाबाला वायूंच्या समान घनफळांत रेणूंची संख्या समान असते, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे रेणू प्रत्येकी दोन अणूंचे असतात. तोडगा बरोबर होता, तरी सुमारे पन्नास वर्षे त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. एकाच प्रकारचे दोन अणू एकमेकांना धरून राहतील हे त्या काळच्या मातब्बर रसायनशास्त्रज्ञांना अशक्य वाटत होते.

मधल्या काळातला गोंधळ समजण्यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे. ऑगस्ट केकुले यांनी एकट्या अ‍ॅसिटिक आम्लासाठी सुचवली गेलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रे एकत्र मांडून दाखवली होती. हा गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे रसायनशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेत मतैक्य झाले नाही. पण स्टानिस्लाओ कॅनिझारो यांची एक छोटी पुस्तिका परिषदेच्या शेवटी वाटण्यात आली. अव्होगाड्रो यांचे गृहीतक मान्य केले तर अणुवस्तुमानांची सुसंगत यादी कशी तयार होते, हे त्या पुस्तिकेत पायरीपायरीने दाखवले होते. ती वाचणाऱ्यांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर होते आणि परिषदेला दिमित्री मेंडेलीव्हही उपस्थित होते; मेंडेलीव्ह यांची आवर्त सारणी १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. भरवशाची अणुवस्तुमाने हाती आली नसती तर मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने लावायची हेच ठरले नसते. आवर्त सारणी वर्गाच्या भिंतीवर पहिल्या दिवसापासून टांगलेली असते, पण तिच्याविषयी बोलायला मी या टप्प्यापर्यंत थांबते.

तरीही अणू खरोखर आहेत की ती केवळ हिशेबाची सोय आहे, हा वाद पुढे चालूच राहिला. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड हालचालीचे गणित मांडले आणि झां पेरँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते कण मोजून त्या गणिताची परीक्षा घेतली. वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या पद्धतींनी एका मोलमधील कणांची संख्या काढली तरी उत्तरे जवळजवळ सारखीच येतात, हा पेरँ यांचा युक्तिवाद होता, आणि १९२६ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिच्यावर विश्वास का ठेवायचा, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. ते त्याच्याच विद्येचे हत्यार आहे, आणि ते इथेही चालते हे पाहून त्याचा चेहरा उजळतो.

प्रयोगशाळेचे तास थोडे मिळतात, म्हणून त्यांतला एक मी आम्लपित्तावरच्या गोळीसाठी राखून ठेवते. वेष्टनावर छापलेले असते की प्रत्येक गोळीत कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिलिग्रॅम आहे. ते खरे आहे का, हे शोधायचे. गोळी खलात बारीक करून शंकूपात्रात घ्यायची आणि पिपेटने मोजून २५ मिलिलिटर एक मोलर (लिटरमागे एक मोल असलेले) हायड्रोक्लोरिक आम्ल त्यात सोडायचे. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. ते थांबले की पात्र जरा गरम करून विरघळून राहिलेला वायू घालवायचा आणि ते थंड होऊ द्यायचे. कॅल्शियम कार्बोनेटचे रेणुवस्तुमान १००, म्हणजे गोळीत ५ मिलिमोल असायला हवेत, आणि त्यांतला प्रत्येक मिलिमोल आम्लाचे दोन मिलिमोल संपवतो. २५ पैकी १० मिलिमोल आम्ल संपले असेल तर १५ उरले असेल. उरलेले आम्ल मोजण्यासाठी, आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फथॅलीनचे दोन-तीन थेंब घालून ब्युरेटमधून एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचे. वेष्टन खरे बोलत असेल तर १५ मिलिलिटरच्या आसपास रंग बदलायला हवा.

सुरुवातीला थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि क्षणात विरतो. शेवट जवळ आला की तो पात्र हलवल्यावरही रेंगाळतो, आणि मग एका थेंबासरशी संपूर्ण द्रावण फिकट गुलाबी होऊन तसेच राहते. ब्युरेटचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. इथल्या संहतीला त्याचा अर्थ २.५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे गोळीच्या दोनशेव्या भागाइतका होतो, हे विद्यार्थ्यांकडून मी आधीच काढून घेते, म्हणून तो शेवटचा थेंब ते श्वास रोखून सोडतात. सगळ्यांची उत्तरे सारखी येत नाहीत. कुणाची थोडी भुकटी खलातच राहिलेली असते, कुणी एक थेंब जास्त सोडलेला असतो. दोन्ही वेळा ब्युरेटचे वाचन वाढते आणि गोळीत औषध कमी भरल्यासारखे दिसते. चूक कोणत्या बाजूला झुकेल हे आधी सांगता येणे, गटांच्या उत्तरांची सरासरी आणि त्यांचा विस्तार पाहणे, आणि एवढ्या फरकावरून वेष्टन खोटे ठरवता येईल का याचा निर्णय करणे, या तीन गोष्टींसाठी मी हा प्रयोग घेते. छापील दावा आपल्या हातांनी तपासता येतो, हा अनुभव या विद्यार्थ्यांना यापूर्वी क्वचितच मिळालेला असतो.

द्रावण किती आम्लधर्मी आहे हे सांगणाऱ्या सामूविषयी (pH) मी थोडक्यात आटोपते. मोजपट्टीवर एक एकक खाली आले म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती दहापट झाली, एवढी एक गोष्ट पक्की झाली की पुरे. औद्योगिक युगाच्या आरंभापासून समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२ वरून सुमारे ८.१ वर आला आहे. हा बदल किरकोळ वाटतो, पण हिशेब केला तर हायड्रोजन आयनांची संहती सुमारे पाव पटीने वाढलेली दिसते.

एक विषय मात्र मी वेळ कितीही कमी असला तरी सोडत नाही, आणि तो म्हणजे घरातील सफाईची द्रावणे एकत्र न करण्याचा. सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या विरंजक द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असलेला द्रव मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो. त्याच द्रावणात अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात. नुसती ताकीद लोक विसरतात, म्हणून मी गणित करून घेते. पाच टक्क्यांच्या १०० मिलिलिटर द्रावणात ५ ग्रॅम सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे सुमारे ०.०६७ मोल असते. ते सगळे वापरले गेले असे धरल्यास तितकाच मोल क्लोरीन सुटेल, आणि खोलीच्या तापमानाला कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २४ लिटर जागा व्यापत असल्याने त्याचे घनफळ होईल सुमारे १.६ लिटर. लहान बंद न्हाणीघरात साधारण ७,५०० लिटर हवा मावते. म्हणजे दशलक्ष भागांत दोनशेहून अधिक भाग क्लोरीन, जिथे अवघ्या काही भागांनीच डोळे आणि घसा चुरचुरू लागतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथील युद्धभूमीवर शस्त्र म्हणून सोडला गेला तो हाच वायू. हे गणित केलेला विद्यार्थी दोन बाटल्या एकत्र ओतणार नाही, याची मला खात्री वाटते.

परीक्षेत मी सूत्रांचा आणि अणुवस्तुमानांचा कागद सोबत देते, कारण त्यांचे पाठांतर तपासण्यात मला रस नाही. निम्मे गुण एका स्वतंत्र कामासाठी असतात: जाहिरातीतील, बातमीतील किंवा वेष्टनावरील एखादा रासायनिक दावा निवडायचा आणि त्याचा आकड्यांनी निकाल लावायचा. एकक कोणते आहे, तुलना कशाशी केली आहे आणि मोजले कसे असावे, हे तीन प्रश्न प्रत्येकाने हाताळायचे असतात.

एका विद्यार्थिनीने ऑक्सिजनयुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याचा दावा निवडला होता. तिचा विषय साहित्य होता आणि सत्राच्या सुरुवातीला घातांक पाहिले की ती वही मिटत असे. तिने लिहिले की २५ अंश सेल्सियसला हवेच्या सान्निध्यात असलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि वर हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन ठेवला तर हा आकडा सुमारे पाचपट, म्हणजे ४० मिलिग्रॅम होतो. मग तिने श्वासाचा हिशेब केला. एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते, तिच्यातला २१ टक्के ऑक्सिजन म्हणजे १०५ मिलिलिटर, तो २४ लिटरच्या हिशेबाने सुमारे ४.४ मिलिमोल आणि ३२ ने गुणल्यावर सुमारे १४० मिलिग्रॅम. श्वासातला सगळा ऑक्सिजन रक्तात जात नाही, बाहेर पडणाऱ्या हवेतही तो सुमारे १६ टक्के असतो, हे लक्षात घेऊन तिने आपला आकडा स्वतःच सुमारे ३३ मिलिग्रॅमवर आणला. बाटली दाबाखाली भरली असण्याची शक्यताही तिने सोडली नाही. दाब तिप्पट धरून लिटरभर पाण्यात १२० मिलिग्रॅम ऑक्सिजन मान्य केला आणि तो सगळा शरीरात शोषला जातो असेही दाव्याच्या बाजूने गृहीत धरले. एवढी सूट देऊनही लिटरभर पाण्याची बरोबरी चार श्वासांशी झाली, आणि तिने त्याखाली लिहिले की बाटलीवर ऑक्सिजनचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये कुठेच दिलेले नाही.